लाल पानाखालचं बटण

आई,

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. गोळी विसरू नकोस.

मेलवाल्यांचं उत्तर आलं. तुझं चोरीला गेलेलं ईमेल खातं परत मिळेल, पण त्या चोराने पुसलेलं परत येणार नाही. बाबांनी जहाजावरून पाठवलेली पत्रं गेली. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहून जातेय.

काल तू सारखी म्हणत होतीस, "मीच वेंधळी, इशाऱ्याचं लाल पान दिसलं तरी पुढे गेले, पासवर्ड देऊन बसले." आई, ही साइट खरी असल्याची खात्री नाही, एवढंच ते पान सांगत होतं. पण मी बनवलेल्या आपल्या घरच्या फोटोंच्या साइटवरही तेच पान यायचं, आणि मीच तुला शिकवलं होतं, "घाबरू नकोस, खालचं 'तरीही पुढे जा' दाब." साइट खरी असल्याचं सर्टिफिकेट बसवलं की ते पान येत नाही; ते फुकट मिळतं, दहा मिनिटांचं काम. तीन वर्षं मला सवड झाली नाही. सायबर सुरक्षेच्या नोकरीत जगाच्या दारांना कुलपं लावत फिरले, घरची कडी उघडीच राहिली.

आज सकाळी ते सर्टिफिकेट बसवलं. आता लाल पान दिसलं, तर लॅपटॉप मिटून टाक. मी 'पुढे जा' म्हटलं, तरीही.

आणि कालच्यासारखी माझी माफी मागू नकोस. तेवढं सोसवत नाही.