पाहणीची पेटी

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझा जास्त दुखतो, तेव्हा तुझ्या गुडघ्याचं वर्णन पुढच्या पत्रात दोन ओळींत आटप. बातमी आनंदाची आहे. तुझ्या जावयाच्या कारखान्यात परवा फौजेचे तपासणी साहेब आले आणि माझ्या हातून जरा गोंधळ झाला.

जावई फौजेला लोकरीचे हातमोजे पुरवतो हे तू गावभर सांगतेसच. (लोकर आपली म्हणायची, मेंढी त्या वाटेला फिरकलेली नाही.) मी तिथे विणायला म्हणून लागले, पण चार वर्षांत विणले ते बारा जोड, खऱ्या लोकरीचे. तीच पाहणीची पेटी. साहेब आले की टेबलावर, गेले की डांबराच्या गोळ्या घालून कपाटात. बाकीचे हजारो जोड मागच्या खोलीतलं यंत्र ओकतं आणि मी त्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. साहेब दर वर्षी तेच बारा जोड दाबून बघतात, चहा पितात, सही करतात. गेल्या वर्षी म्हणाले, दर्जात तसूभर फरक नाही. कसा असेल?

गेल्या महिन्यात नातवाचं पत्र आलं. (डोंगरावरच्या चौकीत आहे तो, माझ्या लेकाचा.) हातमोजे दुसऱ्या दिवशी उसवले, पहाऱ्यावर हातात पायमोजे घालतो आणि पायांना वर्तमानपत्र गुंडाळतो, असं लिहिलं होतं. हातमोज्यांवर नाव आपल्याच कारखान्याचं. मी जेवण सोडलं वगैरे समजू नकोस, जेवले, पण चव लागली नाही.

तर परवा माझा चष्मा घरी राहिला आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. साहेबांनी हौसेनं एक हातमोजा चढवला, तर अंगठा बाहेर. जरा ओढला, तर पाचही बोटं बाहेर आणि मनगटावर नुसती पट्टी. जावई म्हणाला, बंदुकीचा चाप ओढायला सोपं जावं म्हणून ही नवी पद्धत आहे. साहेबांनी चहा खाली ठेवला (चार वर्षांत पहिल्यांदा) आणि म्हणाले, "सगळ्या पेट्या फोडा."

फोडल्या. सगळा माल नापास. माझे बारा जोड मात्र कुठेच सापडेनात. (सकाळच्या गाडीनं एक पेटी डोंगरावरच्या चौकीला गेली होती खरी, पण पेट्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात.)

जावई रडकुंडीला येऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही माझं वाटोळं केलंत."

मी म्हटलं, "म्हातारीचे डोळे रे बाबा."

तुझी थोरली

ता. क. जावई येत्या रविवारी माझी तक्रार घेऊन तुझ्याकडे येतोय. पोटभर जेवायला घाल आणि पहाटेच्या गारठ्यात पाणी भरायला पाठव. त्याच्याच कारखान्याचा एक जोड या पत्रासोबत पाठवलाय, तो हातात घालायला दे.

आणखी ता. क. खरं काम हे. नापास मालाच्या बदल्यात साहेबांना पहिले दोनशे जोड महिनाभरात हातानं विणून हवेत, साहेब स्वतः समोर बसणार आहेत. सुया घेऊन जावयाबरोबरच निघ. विणायला गुडघा लागत नाही.

शेवटचं. माझ्या डोळ्यांची काळजी करू नकोस. हे पत्र चष्म्याशिवायच लिहिलंय.