तपासून झालेली संख्या

१२ मार्च, सोमवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? आमचं इकडे ठीक चाललंय.

चार वर्षांनी लिहितेय, तेही हाताने. फोनवरचं सगळं घरात वाचलं जातं.

आश्रयगृहाच्या यादीसाठी आलेली ती तीनशे आठ अंकी संख्या तुला आठवत असेल. घर सोडून आलेल्या बायकांचे पत्ते तिच्या कुलपात होते. ती मूळ संख्या असेल, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नसेल, तरच ते कुलूप पक्कं. तू म्हणाला होतास, "ठमे, एकाच चाचणीवर सही करू नकोस." मी केली. वर आपल्या साहेबांसमोर तुला शंकेखोर म्हटलं. तू नोकरी सोडलीस.

मागच्या महिन्यात एका बाईचा नवरा तिच्या नव्या खोलीच्या दारात उभा राहिला. ती वाचली, शेजारणीमुळे. मी गुपचूप तुझी कडक चाचणी लावली. संख्या नापास झाली. फोड करायला नऊ दिवस लागले. तीन मूळ संख्यांचा गुणाकार निघाला. प्रत्येकीतून एक वजा केला, तर दुसरी पहिलीच्या बरोबर दुप्पट आणि तिसरी तिप्पट. आपली साधी चाचणी अशा संख्येला हमखास फसते. योगायोगाने हे जुळत नाही दादा, कुलूप उघडता यावं म्हणून कोणीतरी बसून घडवलंय.

ती संख्या कोणी आणून दिली, ते तुला माहीत आहे. त्याच्याशीच माझं लग्न झालं.

शनिवारी चहा पिताना मी सहज म्हटलं, "जुन्या संख्या परत तपासायला काढल्यात."

तो कप न ठेवताच म्हणाला, "आश्रयगृहाची राहू दे. ती तपासून झालीये."

मी आश्रयगृहाचं नावही घेतलं नव्हतं. त्यानंतर तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी हातातली बशी ओट्यावर ठेवली.

आज सकाळी मी आश्रयगृह चालवणाऱ्या बाईंकडे गेले. सही माझी, चूकही माझी, असं लिहून दिलं. त्यांनी दुपारच्या आत यादीतल्या अकराही जणींना हलवलं. नवे पत्ते फक्त त्यांच्या डोक्यात आहेत. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कुठे जाणार?" मी त्यांच्याकडे कागद मागितला. त्यांच्या टेबलापाशी बसून हे लिहितेय.

ठीक चाललंय असं वर लिहिलं, ते खरं नाही. वर्षभर मी घरात पावलं न वाजवता चालते. यापेक्षा जास्त कागदावर लिहवत नाही.

पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी मी नेहमीसारखी कामावर निघेन आणि दुपारच्या गाडीने तुझ्याकडे येईन. तुझा पत्ता मी कधीच कुठल्या यादीत टाकलेला नाही, पण त्याला तो शोधता येईल. हे सगळं कळूनही तू मला घरात घेशील का, ते माहीत नाही. वहिनीलाही विचार.

मला खूप भीती वाटते रे.

तुझी,
ठमी