गजाकाकांची हुर्यो

लबाड गजाकाका,

गुडघा गेल्यावर तुम्ही नाटकी कुस्तीच्या रिंगमधले पैलवान न राहता खलनायक मॅनेजर झालात, ते मला पटलं नव्हतं. आपल्या पैलवानासाठी बाहेरून लबाडी करायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे कसलं काम! “पण हुर्यो उडाली नाही, तर पहिल्याच खेळानंतर मला नारळ देतील गं,” तुम्ही म्हणाला होतात.

आणि काल पेरुंगुडीच्या हॉलमध्ये तुम्ही छत्रीच्या मुठीने समोरच्याचा पाय ओढलात, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आवडी उपनगरातून आलेलं आपलं अख्खं घर टाळ्या वाजवू लागलं. “भाऊजी, गुडघा सांभाळा!” आई ओरडली. लोक हसले. तुमचा चेहरा पडला.

मग मी, घरातली पहिली पदवीधर, खुर्चीवर चढले. “अय्यो, चोरा! चालता हो इथून!” जन्मात पहिल्यांदा मी तुम्हाला अरेतुरे केलं. सगळा हॉल माझ्यामागोमाग तुमची हुर्यो उडवू लागला. तुम्ही माझ्यावर मूठ उगारलीत, पण डोळे हसत होते.

बाबा म्हणाले, काकांची माफी माग. म्हणून लिहायला बसले. पण हे पत्र पाठवणार नाही. रविवारच्या खेळाला पुन्हा येतेय, आणि ज्याची माफी मागितली, त्याला मनापासून शिवी देता येत नाही.

तुमची पक्की वैरीण,
ऊर्मी