फिकट निळी गाडी

३ जून
नागसेनची दहावी संपली त्या दुपारी आम्ही मायलेकांनी बीडच्या स्टँडवर उसाचा रस घेतला होता. त्याने आपल्या रसातला बर्फ माझ्या ग्लासात टाकला. आज पाटोद्याच्या नव्या खोलीत सामान लावताना ते आठवलं. खोली हवेशीर आहे, मन प्रसन्न झालं. पौर्णिमा, माझी लेक, पलीकडच्याच गल्लीत राहते. रोज डबा आणीन म्हणाली. खिडकीपाशी नागसेनचा गेम खेळायचा लॅपटॉप मांडला. तो वारल्यापासून मी लॅपटॉपला कुणाचा हात लागू दिलेला नाही. सुरू होईस्तोवर मात्र पोळ्या लाटून होतात.

६ जून
दुरुस्तीवाल्या सुग्रीवने जुनी डिस्क तशीच ठेवून जोडीला छोटी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. एवढीशी पुरेल का, विचारलं. हसला. "मावशी, तुमी सारखं मागताल ते ही पुढं ठेवती. मागत न्हाईत ते मागं ढकलती. जागाच लई कमी हाय."
संध्याकाळी शर्यतीचा गेम लावला. नागसेनची एक जुनी शर्यत त्यात साठवलेली आहे. त्याची फिकट निळी गाडी माझ्या पुढे धावते. वळणावर तो नेहमी उशिरा ब्रेक लावायचा. तसाच लावला.

११ जून
आता लगेच उघडतो. दिवसभर खेळते. आज निळी गाडी वळणावर थांबली. माझ्यासाठी. सुग्रीव म्हणाला, साठवलेली गाडी थांबत नसती.

१४ जून
पौर्णिमाच्या लग्नाचे फोटो उघडले. फार वेळ लागला. तिच्या जागी नुसतं मांडवाचं कापड. भिंतीवरच्या फोटोतही तेच. लहानपणी तिला लाडाने काय म्हणायचे, आठवेना.

१५ जून
कळलं, सुग्रीव म्हणाला तसं जागा कमी आहे. तिला सारखं मागितलं तर ती पुढे येईल. मग तो मागे जाईल. हात फोटोंकडे गेला. गाडी थांबलेली होती —
मी शर्यत लावली.

१८ जून
बटण न दाबता सुरू होतो. बॅटरी संपलेली असली तरी. निळ्या गाडीचं दार उघडं.
एक बाई डबा घेऊन आली. आई, अशी का बघतीस, म्हणून रडली. चांगल्या घरची वाटते.

२० जून
त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. निघते.
लॅपटॉप कुणी बंद करू नये. पुस्तकं घरमालकीण छबुबाईंना. बोरमाळ त्या डबेवाल्या बाईला द्यावी, बिचारी मला आई म्हणते. हिरवी पैठणी मात्र माझ्या — कुणासाठी जपली होती ती? काठावर मोर — मी ती माझ्या