शेळोला कशाला उपास?

ब्राह्मणपुरी,
श्रावण शुद्ध १०, शके १८५९

चि. इंदरचंद यास उमरावबाईचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. पुढे खुशाली नाही.

आणि सूर्य मावळला की तू नेलेल्या माझ्या शेळोपुढची, त्या काटेरी जनावरापुढची वाटी उचलता? हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. गाडीवान छगन तुझ्या दुकानी सरकीची पोती टाकून परवा आला. त्यानं तिथं शेळोच्या टोपलीत डोकावून पाहिलं. म्हणाला, बाई, तुमना शेळो ते वाळी ग्या, पार वाळून गेला. मी म्हटलं असं कसं होईल, माझ्या भावाचं घर भरलेलं, तिथं एका मुठीएवढ्या जिवाला खायला नाही? तर म्हणे खायला खूप आहे. दूध आहे, लापशी आहे, बदामसुद्धा उगाळून घालतात. फक्त दिवसा!

अरे, तो दिवसा झोपतो. काटे अंगाभोवती घेऊन चेंडू होऊन पडतो, ते दिवेलागणीला उठतो आणि मग खायला निघतो. माझ्या अंगणात दोन वर्षं तू हेच बघत आलास. सूर्य बुडाल्यावर आपण खात नाही, तो आपला नेम. त्यानं कधी नेम घेतला? तो झोपलेला असताना ताट मांडायचं आणि जागा झाला की उचलायचं, असं तर सावत्र आईही करत नाही.

मी स्वतःच आले असते. पण कालपासून तापी दोन्ही काठ सोडून वाहतेय. प्रकाशा गावचे नाववाले टपालाचा माणूस तेवढा नेतात, बाईमाणसाला नावेत घेत नाहीत. म्हणून हे कार्ड. मी तिसरीपर्यंत शिकलेली, जोडाक्षर चुकलं असेल तर लावून वाच, पण वाच.

माझ्या भावजयीचा, रूपकंवरचा खोकला कसा आहे? तिला अडुळसा दे. शेळोला सोड. उलट टपाली कळव.

तुझी मोठी बहीण,
उमरावबाई


नंदुरबार,
श्रावण शुद्ध १५

ती. स्व. उमरावजीजीस इंदरचंदचा पावांधोक. सा. न. वि. वि.

आपले कार्ड पावले. दुकानात मुनीमजींनी मोठ्याने वाचले, चार गिऱ्हाईके बसली होती. यापुढे कृपा करून पाकिटात लिहीत जावे.

आपण रागावलात, पण छगनला काय कळते? चौमासी चौदसीला मी नेम घेतला, की चातुर्मासात माझ्या छपराखाली कोणी जीव कोणा जिवाला मारणार नाही. छपराखाली शेळोही आला. त्याला मोकळे सोडले तर तो किडे खाणार, म्हणून टोपलीत ठेवला. जाणूनबुजून झाकण उघडणाऱ्यालाही पापाचा वाटा येतोच, हे आपल्याला मी काय सांगावे? आपल्याच आईने आपल्याला शिकवले आहे.

आणि जीजी, नवल ऐका. पूर्वी हात लागला की फुसफुस करून काटे उभारायचा. आता लहान मुलांनी पाठीवरून हात फिरवला तरी पसरून पडून राहतो. त्याचा क्रोध गेला. गावातली श्रावकमंडळी मुद्दाम बघायला येतात, बाया वाटीत बताशे ठेवतात. हुलासबाई तर म्हणाल्या, की इंदरचंदजींच्या घरचे जनावरसुद्धा धर्माला लागले. चातुर्मासासाठी जैन स्थानकात उतरलेल्या महाराजसाहेबांचे व्याख्यान रोज होते, पण त्यांना या बाबतीत विचारण्याचे कारण पडले नाही.

रूपकंवरला आराम आहे. दाजींना जय जिनेंद्र. माया कमी होऊ देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
इंदरचंद


ब्राह्मणपुरी,
श्रावण वद्य ५

चि. इंदरचंद यास आशीर्वाद, तेही रीत म्हणून.

हेही कार्डच आहे. मुनीमजी, जरा मोठ्यानं वाचा.

क्रोध गेला म्हणे! मूर्खा, त्याची ताकद गेली. काटे उभारायलाही अंगात काहीतरी लागतं. शेळो पसरून पडला की समजावं, आता त्याच्यात काही उरलं नाही. दुधानं त्याला ढाळ लागतात. हिरवं पाणी पडतं की नाही टोपलीत? रूपकंवरला विचार, साफ तीच करत असणार. बताशे त्या बायांच्या पोरांना दे. मागच्या उन्हाळ्यात त्याचा पाय दुखावला होता, तेव्हा मी पपईची फोड घातली होती. चाटली त्यानं. पण पपईवर तो जगत नाही. आपण लोणच्यावर जगतो का?

तो भुंगेरे खातो, रातकिडे खातो, पावसात गांडुळं वर आली की ती खातो. देवानं त्याला ते पोट दिलं, मी नाही दिलं. मी एक किडा मारत नाही, एक किडा त्याच्यापुढे टाकत नाही. संध्याकाळी दार उघडते, वाटीत साधं पाणी ठेवते आणि सामायिकाच्या जपाला बसते. तो काय खाऊन येतो ते मी विचारत नाही. यात पाप असेल तर माझ्या वाट्याचं मी भोगीन. पण कोंडून उपाशी ठेवणं पाप नाही, हे कुठल्या पोथीत आहे?

आणि जास्त धर्म सांगू नको. आषाढात तू माझ्या ओट्यावर बसून काय म्हणालास? जीजी, गोदामात झुरळं माजली, गुळाच्या भेल्यांवर चढतात, तुमचा शेळो चार महिने द्या. तेव्हा तो काय जपमाळ ओढायला नेलास? झुरळांसाठी नेलास! गोदाम साफ झालं आणि मग तुला नेम आठवला. हे हुलासबाईंना सांगितलंस का?

हे मागून म्हणताहेत, की भावाला इतकं तोडून लिहू नये. मी म्हटलं, कार्डावर जागाच एवढी, गोड लिहायला उरत नाही.

उमरावबाई


नंदुरबार,
भाद्रपद शुद्ध ५, संवत्सरी

ती. स्व. उमरावजीजी व दाजी यांस,

आज संवत्सरीच्या पवित्र दिवशी, गेल्या वर्षात आमच्याकडून मनाने, वाचेने, कायेने आपले मन जे दुखावले गेले असेल, त्याची हात जोडून क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.

जीजी, गोदामाची गोष्ट आता उगाळू नये. मंडळींचा माझ्यावर विश्वास बसला आहे. आज स्थानकातून येताना पंधरा-वीस जण शेळोला बघायला आले. आता त्याला सोडले तर लोक काय म्हणतील?

एक गोष्ट आपल्याला कळवल्याशिवाय राहवत नाही. काल गर्दीत टोपलीचे झाकण उघडे राहिले. सकाळी पाहिले तर शेळो जागच्या जागी. समोर मोकळे अंगण, पण गेला नाही. मंडळी म्हणाली, याला म्हणतात संयम. माझे डोळे भरून आले.

माया वाढती राहो.

आपला,
इंदरचंद


ब्राह्मणपुरी,
भाद्रपद शुद्ध ९

इंदरचंद,

तुझं क्षमेचं पत्र आलं. छापलेल्यासारखं सुंदर अक्षर आहे. क्षमा मी करत नाही.

राग वर्ष ओलांडून ठेवला तर दोष माझ्या माथी, हे मला माहीत आहे. आईनं मलाही शिकवलंय. तरी करत नाही. उघड्या दारातून भुकेला जीव बाहेर पडला नाही आणि तुला संयम दिसला! त्याचे पाय उचलत नव्हते रे. तुझे डोळे भरून आले, ते पुसून बघितलं असतंस तर कळलं असतं.

माझी क्षमा मागू नको. मला तू काही केलं नाहीस. ज्याला केलंस त्याची माग, आणि हात जोडून नको, हात लावून माग. फडक्यात धरून त्याला अलगद उचल. गोदामामागं ओली कुजकी पोती पडली आहेत, दिवस बुडाल्यावर त्यांच्यात नेऊन ठेव. शेजारी पाण्याची वाटी. दूध नाही, लापशी नाही. त्याला तिथं दोन हात अंतर चालता आलं तरी तो आपलं आपण बघेल. ते छपराखाली नाही, आभाळाखाली आहे, तुझा नेम मोडत नाही. तुझ्यानं होत नसेल तर रूपकंवरच्या हाती दे आणि तू भिंतीकडे तोंड करून माळ ओढ. मंडळींनी विचारलं तर सांग, बहीण भांडकुदळ आहे, तिनं मागून नेला. माझं नाव खराब झालं तर मला चालतं.

गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून एक कार्ड शुद्ध अक्षरात लिहवून ठेवलंय. त्यावर पत्ता स्थानकाचा आहे आणि नाव महाराजसाहेबांचं. आषाढात माझ्या ओट्यावर जे बोलणं झालं तेवढंच त्यात आहे, एक शब्द जास्त नाही. तू नाही विचारलंस, मी विचारते.

अनंत चतुर्दशीच्या टपालाची मी वाट बघीन. त्यात एकच ओळ हवी. हात लावल्यावर शेळोनं काटे उभारले, एवढीच. ती आली तर त्याच दिवशी तुला क्षमा, आशीर्वाद आणि गुळपापडीचा डबा. नाही आली तर पौर्णिमेला मास्तरांचं कार्ड पेटीत पडेल.

उमरावबाई