या महिन्याची फेरी

प्रिय तळटीपे,

मुलांनी ठेवलेलं हे नाव तुला आवडायचं नाही, ठाऊक आहे. पण नऊ वर्षांनी लिहायला बसले तर दुसरी हाक सुचेना. तू वर्गात प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचीस म्हणून तू तळटीप, आणि मी साध्या सूचनेलाही चटकदार शीर्षक द्यायचे म्हणून मी मथळा. हल्लीच्या मुलांना दोन्ही नावं माहीत नाहीत. बायबल मुळातून वाचायच्या हिब्रूच्या वर्गात यंदा तीनच जण आहेत. त्यातला एक खिडकीशी बसून खुशाल झोपतो, आणि खरं सांगते, मला त्याचा राग येत नाही, हेवा वाटतो.

थकलेय गं. आजारबिजार काही नाही. जिना चढताना मधल्या वळणावर थांबते आणि सूचनाफलक वाचत असल्याचं नाटक करते, एवढंच. शिक्षकांच्या खोलीत तुझं टेबल आहे अजून, त्यावर झेरॉक्सचं मशीन बसवलंय. तुझी आई कशी आहे? तिच्यासाठी नोकरी सोडतेय असं तू म्हणालीस आणि मी लगेच विश्वास ठेवला. तेव्हा तो ठेवणं सोयीचं होतं.

आपला ब्लॉगांचा गोतावळा आठवतो? बायबल शिकवणारे चाळीसेक जण, आणि प्रत्येकाची मतं दोन. एका वचनाच्या काळावरून दोन प्राध्यापक आठवडाभर भांडायचे, तिसरा उंटावरून शेळ्या हाकायचा, आणि चौथा सगळ्यांना बंधुप्रेमाची आठवण करून द्यायचा, तीही अशा शब्दांत की भांडण पुन्हा पेटावं. आणि दर महिन्याची ती फेरी! पाळीपाळीने एकाने सगळ्यांचे ब्लॉग वाचायचे, निवडक लेखांची यादी लावायची आणि प्रत्येकापुढे शिफारशीची एक ओळ लिहायची. स्वतःचा लेख यादीत अगदी शेवटी.

या महिन्याची फेरी माझ्याकडे आली. चाळिसातले सहा ब्लॉग उरलेत. बाकीच्यांवर टिचकी मारली की पान सापडत नाही. एकाच्या जागी केसगळतीच्या तेलाची जाहिरात आहे. आपल्या त्या चिडक्या प्राध्यापकांची शेवटची पोस्ट आहे, 'उद्या सविस्तर लिहितो', त्याला सात वर्षं झाली. सहा जणांनी मिळून महिन्याभरात लिहिलेले लेख दोन, त्यातला एक मोतीबिंदूवर. मग काय करणार, जुन्या याद्या चाळत बसले, आणि तुझ्या पाळीची यादी उघडली.

त्यात पहिला लेख माझा. बायबलमधल्या त्या जुन्या शोकगीतावरचा. आपण सगळे वर्षानुवर्षं शिकवत आलो की त्यात एक माणूस एकटा रडतो. लेखात म्हटलं होतं, की त्या दोन बायका आहेत, एक रडते आणि दुसरी तिला उत्तर देते. किती गाजला तो! त्याच्या जोरावर मी विभागप्रमुख झाले. त्यापुढे तू लिहिलं होतंस, 'या महिन्यात हे एकच वाचलंत तरी पुरे.' ती ओळ मी छापून माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवली होती. तू रोज तिच्यासमोरून जायचीस.

कुणी विचारलं तर मी म्हणायचे, चहा पिता पिता आमचं दोघींचं बोलणं झालं, त्यातून हे सुचलं. इतक्या वेळा म्हटलं की मलाच खरं वाटू लागलं. पण चोराच्या मनात चांदणं; तू नुसती खोलीत आलीस तरी मी वही मिटायचे. चहा पिता पिता काही झालं नव्हतं. तुझ्या ब्लॉगवर तीन तारखेला तू ते लिहिलंस, सगळ्या तळटिपांसह. तुला वाचणारे होते चौघं, त्यातली एक मी. मी ते छापून घेतलं, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि चौदा तारखेला माझ्या ब्लॉगवर माझं म्हणून लिहिलं. आयत्या पिठावर रेघोट्या. तुझं नाव घालायचं राहून गेलं नाही, मी ते घातलं नाही.

महिनाअखेरीला पाहिलं तर तुझ्या ब्लॉगवरून ते पान गेलेलं. कुणी तारखा ताडून पाहू नयेत म्हणून तू ते काढलंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या यादीत शेवटची, तुझ्या स्वतःच्या लेखाची जागा रिकामी होती. तुझे उपकार मानायचे सोडून मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. मला अजून त्याची लाज वाटते. त्यानंतर तू ब्लॉगवर एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि पुढल्या सत्रात तुझं टेबल रिकामं झालं.

ते छापलेले कागद कपाटात होते. मंगळवारी दुपारी वर्ग सुटल्यावर बसून तुझा लेख अक्षर न अक्षर टाईप केला, तळटिपांसह, आणि या महिन्याच्या फेरीत लावला, तुझ्या नावाने, तीन तारखेसकट. यादीत तो एकच. त्यापुढे तुझीच ओळ लिहिली आणि खाली मी काय केलं होतं तेही. यावेळीही तुला न विचारता; सवय जात नाही बघ. विभागप्रमुख म्हणून काय व्हायचं ते होईल, त्याची तू काळजी करू नकोस, आणि माफ कर असंही मी म्हणत नाही. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. आज सकाळी त्या लेखाखाली कुणा नव्या शिक्षिकेची प्रतिक्रिया आली. तिने विचारलंय, इतकं चांगलं लिहिणाऱ्या या बाई कोण, आणि यांचं आणखी काही वाचायला का मिळत नाही? दिवसभर मी उत्तर लिहून खोडतेय. आजवर तुझ्या जागी मीच बोलत आले. तिच्या प्रश्नाखालची जागा मी रिकामी ठेवलीय. तिला तू उत्तर दे.

तुझीच,
मथळा