रितं करणारं विष

सोमवार, ४
मादी चिमट्यात आली आणि मी इतक्या जोरात ‘आली’ म्हणालो की मॅडमना हसू फुटलं. म्हणाल्या, कोळी धरलाय, वाघ नाही. विजेचा हलका झटका दिला की तिच्या सुळ्यांतून थेंब येतो, तो काचेच्या नळीत घ्यायचा. नोकरी छान आहे. प्रयोगशाळेच्या मागेच खोली मिळाली, उजेडाची. रविवारी ताई चिमणीला आणून सोडणार. मग आम्ही दोघं बापलेक इथेच. ताईने फोनवर बजावलं की पडदे लाव, दूध आणून ठेव आणि पोरीसमोर रडत बसू नकोस. तिची आई जाऊन वर्ष होत आलं. मी कबूल केलं.

मंगळवार, ५
मॅडमनी विषाचं काम समजावलं. मज्जापेशीच्या टोकावर, बाहेरच्या बाजूने, काही रेणू असतात. त्यांना ग्राही म्हणतात. विष नेमकं त्यांच्यावरच जाऊन बसतं, पेशीला भोक पाडतं, आणि आत पुड्या बांधून ठेवलेले सगळे निरोप एकदमच सुटतात. नंतर पेशीकडे सांगायला काही उरत नाही. त्या पुड्या पुन्हा भरतात का, असं मी विचारलं. बाकीच्या जातींत बहुधा भरतात, म्हणाल्या. या जातीचं माहीत असतं तर तुम्हाला कशाला पगार दिला असता?

बुधवार, ६
चावली. हातमोजा फाटलेला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. घाम, पाठीत गोळे.
संध्याकाळी चिमणीच्या आईचा आवाज आला. आठवण नव्हे, आवाज. मागे उभं राहून म्हणाली की पुन्हा डबा उघडाच ठेवलास, वेंधळ्या. ओल्या केसांचा वासही आला. मी जमिनीवर बसून ऐकत राहिलो. वर्षभरात इतका सुखी नव्हतो.

गुरुवार, ७
ती काय म्हणाली ते वर लिहिलंय. वाचता येतं, ऐकू येत नाही. आवाज पातळ होता की घोगरा, तेही सांगता येत नाही. ताईला विचारलं. ती म्हणाली, हे काय वेड्यासारखं, चांगला खणखणीत होता, गल्लीभर ऐकू जायचा. ‘खणखणीत’ हा शब्द तेवढा कळला, आवाज नाही.
म्हणजे जे एकदा पूर्ण येतं ते जातं. मॅडमना सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ८
आज हातमोजा काढून मीच मादीपुढे हात केला. काय जाणार ते ठाऊक होतं. वर्षभर तिला जपून जपून आठवत होतो, तरी ती विरतच होती. एकदा पूर्ण दिसू दे.
दिसली. चिमणी जन्मली ती सकाळ. बाळ माझ्या हातात देताना ओरडली, मान धर, अरे मान!

शनिवार, ९
वर लिहिलंय की बाळ हातात दिलं. कोणी?
मॅडमनी हात बघितला, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. उशीर झालाय. आता थांबत नाही — लग्न, दवाखाना, तिचा चेहरा — एकेक येतं, लख्ख येतं, आणि —
चिमणीला आठवायचं नाही. आठवलं तर तीही —
ताईला सांगितलं, उद्या आणू नकोस. ती म्हणाली की पोरगी बॅग भरून दारात बसलीय, तूच सांग तिला. मी फोन ठेवून दिला. चिमणीचा आवाज ऐकला असता तर —
पाढे म्हणतोय. मोठ्याने. मध्येच ती दिसते, बुटाची नाडी दातांनी सोडवणारी — नको — सात एके सात —

रविवार, १०
सकाळी एक बाई आली. बरोबर लहान मुलगी. मुलगी धावत येऊन कमरेला बिलगली. हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. बाईने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला. मी दोघींना बसायला सांगितलं.
मुलगी शेजारी बसून शाळेतलं सांगतेय, कालच पडलेला दात दाखवतेय. मी मान डोलावतोय. गोड मुलगी आहे. हिची आई कुठे असते, ते हिला विचारतो.